पाडव्याची गाडी, तापलेला पाईप

३ एप्रिल २०२५, गुरुवार
पाडव्याला पुतण्याने घेतलेली एटीव्ही आज दिवसभर शेतात राबली. चार जाड टायर, पुढे-मागे लोखंडी कॅरिअर, एका सिलिंडरचं हवेवर थंड होणारं इंजिन आणि कार्बोरेटर. रस्त्यावर चालवायचं पासिंग नाही, म्हणून टेम्पोतून थेट शेतातल्या आखाड्यावर उतरवली. ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी, फवारणीचा पंप, पाण्याचे कॅन असं सगळं ती धुऱ्याधुऱ्याने नेते. एवढ्या कामाला ट्रॅक्टर काढणं म्हणजे उगाच डिझेल जाळणं. गाडी उपयोगाची आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.
दुपारी मात्र पुतण्या खाली उतरला आणि म्हणाला, "काका, उजवा पाय भाजायलाय." पँट वर केली तर पोटरी लाल झालेली. सायलेन्सरच्या वरच्या मडगार्डला वितळल्या प्लास्टिकचा वास येत होता.

४ एप्रिल, शुक्रवार
ज्याच्याकडून गाडी घेतली त्याला फोन केला. उत्तर ठरलेलं: नवी गाडी आहे, थोडी चालली की बसेल, आणि बाहेर खोललीत तर वॉरंटी जाईल.
यातलं पहिलं अर्धंच खरं आहे. नव्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला घासून बसायच्या असतात, त्या काळात इंजिन थोडं जास्त तापतं. सायलेन्सरवरचा रंग आणि कारखान्यातलं तेलही पहिल्या काही तासांत जळतं, धूर येतो, तो आपोआप थांबतो. पण रिंगा बसायच्या राहिल्यात म्हणून प्लास्टिक वितळत नाही. पुतण्याला सांगितलं, व्हिडिओ काढ, मडगार्डचा फोटो काढ आणि सगळं लिहून पाठव. तोंडी बोलण्याला पुढे काही किंमत राहत नाही.

५ एप्रिल, शनिवार
रात्री आखाड्यावरचा दिवा मालवून गाडी जागेवर चालू ठेवली. हेडमधून निघणारा बेंड पाईप थोड्याच वेळात अंधुक लाल दिसायला लागला, मग लाली वाढत वळणापर्यंत गेली. लोखंड साधारण ५०० अंश सेल्सिअसच्या पुढे गेलं की अंधारात असं दिसतं. ७०० च्या पुढे लाली उजळ होते. दिवसा यातलं काहीच कळत नाही, उन्हात तो पाईप नेहमीसारखा काळाच दिसतो. म्हणून ही तपासणी रात्रीच करायची.
उभ्या गाडीला वारा लागत नाही, त्यामुळे थोडी धग वाढणार, हे धरलं पाहिजे. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला चालता वारा हेच पाणी. पण रिकामी, वजन नसलेली गाडी रेस न देता नुसती उभी राहून इतकी लाल होते, हे बरोबर नाही.

७ एप्रिल, सोमवार
गाडी टेम्पोत घालून सेलूत मिस्तरींकडे नेली. खोलायला हरकत नसल्याचं डीलरकडून मेसेजमध्ये लिहून घेतलं होतं. मिस्तरींनी आधी गाडीला हातच लावला नाही, नुसतं ऐकलं. मग तेल पाहिलं, बरोबर होतं. एअर फिल्टर साफ. सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरून पाहिला, झोत मोकळा. आत पॅकिंगचा कागद किंवा बोळा राहिलेला नाही, नव्या गाडीत तेही पाहावं लागतं म्हणे.
प्लग काढला तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावलं. टोकाची चिनी माती खडूसारखी पांढरी. "बघा काका, हवा जास्त, पेट्रोल कमी जायलंय."
मला हे नीट समजून घ्यायचं होतं, म्हणून विचारत राहिलो. पेट्रोल थोडं जास्त असलं की वाफ होताना ते आतली उष्णता ओढून घेतं, इंजिनाला गार ठेवतं. कमी पडलं की मिश्रण सावकाश जळतं. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह उघडतो तेव्हाही आतला जाळ संपलेला नसतो, तो पेटता धूर पाईपमध्ये येतो. ठिणगी उशिरा पडली तरी हेच होतं, आणि टॅपेट घट्ट असून व्हॉल्व्ह पुरता बसत नसला तरी हेच. तीन वेगळी दुखणी, लक्षण एक. म्हणून एकेक वगळत जावं लागतं.
टायमिंग दिव्याने पाहिलं, ठीक. इंजिन गार झाल्यावर फिलर गेज घालून टॅपेट पाहिले. एक्झॉस्टचा किंचित घट्ट होता, पुस्तकात दिल्याप्रमाणे सैल केला. मग गाडी चालू करून कार्बोरेटर आणि हेडच्या मधल्या रबरावर त्यांनी पाण्याचा बारीक फवारा सोडला. इंजिनाचा आवाज लगेच बदलला. क्लॅम्प सैल होता, रबराच्या कडेने इंजिन चोरून हवा ओढत होतं. कारखान्यातून निघालेल्या गाडीचा हा स्क्रू कुणीतरी आवळायला हवा होता, विक्रीआधीची तपासणी त्यासाठीच असते. तो आवळायला पान्याचे दोन वेढे पुरले.

८ एप्रिल, मंगळवार
रात्री पुन्हा अंधारात पाहिलं. जागेवर चालू असताना लाली नाही. पण मागे नळ्यांची भेंडोळी टाकून पुतण्याने नाल्याचा चढ चढवला, तर बेंड पुन्हा लाल. आधीपेक्षा फिकट, पण लाल. प्लगही पांढराच.
मिस्तरी फोनवर म्हणाले, "आता पेट्रोलचं बघावं लागतंय काका."
पंपावर हल्ली जे पेट्रोल मिळतं त्यात पाचवा हिस्सा इथेनॉल. ६ फेब्रुवारी २०२३ ला हे ई-२० देशात सुरू झालं, आणि २०३० साठी ठरवलेलं २० टक्क्यांचं लक्ष्य सरकारने पाच वर्षं अलीकडे आणलं. पाथरीकडचा ऊस कारखान्यातून शेवटी गाडीच्या टाकीतही पोचतो, आणि ऊस पिकवणाऱ्याला त्याचा आधार आहे, हे मी मानतो. पण इथेनॉलच्या अंगात मुळातच ऑक्सिजन असतो. एक किलो साधं पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९ किलो. इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर असला तर तो हा फरक ओळखून पेट्रोल वाढवतो. कार्बोरेटरच्या जेटचं भोक पितळेत कोरलेलं, ते काय वाढणार? साध्या पेट्रोलवर बेतलेली गाडी आणली की तिला इथे पेट्रोल कायमचं कमी पडणार. विकणाऱ्याने इथल्या पंपावरचं तेल आणि इथलं ऊन धरून गाडी लावून द्यायला हवी. ही अपेक्षा मला अवाजवी वाटत नाही.

१२ एप्रिल, शनिवार
हनुमान जयंती. जेट मागवलाय. तोवर गाडी उभीच.

१५ एप्रिल, मंगळवार
एक नंबर मोठा मेन जेट बसला, पायलट स्क्रू थोडा उघडला. भरल्या गाडीने तोच चढ, तसाच अंधार, आणि पाईप काळाच राहिला. प्लगची माती आता फिकट तपकिरी आहे. मिस्तरींनी तो प्लग हातात फिरवून बराच वेळ पाहिला आणि परत बसवला. मजुरी सांगताना संकोचत होते. मी सांगितली त्याहून जास्त दिली, कारण या माणसाने एकही भाग विनाकारण बदलला नव्हता.
पाय अजूनही तापतो, पण भाजत नाही. भर उन्हात गरम इंजिनाशेजारी बसल्यावर तेवढं होणारच. जाळीचा पत्रा आणि उष्णता अडवणारी पट्टी लावून घेतली.

१८ एप्रिल, शुक्रवार
आज गाडी वाकून खालून पाहिली आणि मनात धस्स झालं. बेंड आणि इंजिनाच्या सांदीत सोयाबीनचं भुसकट, वाळलं गवत आणि पऱ्हाटीच्या काड्या ठासून भरलेल्या. काही काड्यांची टोकं काळी पडलेली.
ट्रॅक्टरचा सायलेन्सर पुढे उभा असतो, धूर वर फेकतो. शिवाय डिझेल इंजिन गरजेपेक्षा जास्त हवेवर चालतं, हलक्या कामात त्याचा धूर पेट्रोलइतका तापत नाही. या गाडीचा पाईप पोटाखालून जातो, जमिनीपासून जेमतेम हातभर. वाळलेलं गवत पेटायला पाईप लाल व्हावाच लागतो असं नाही, ३०० अंशांच्या आसपासची धगही पुरते. गाडी अगदी दुरुस्त असली तरी पाईप तेवढा तापतोच. चैत्र-वैशाखात आपल्या रानात काय पडलेलं असतं, सांगायला नको. उपटलेल्या पऱ्हाट्या, कडब्याच्या गंज्या, बांधावरचं वाळकं गवत. गंजी जळाली तर जनावरांची वर्षाची वैरण गेली.
लोखंडी सळी आणि जुना ब्रश घेऊन सगळं काढलं. सालगड्यालाही शिकवलं: रोज संध्याकाळी, पाईप गार झाल्यावरच.

३० एप्रिल, बुधवार, अक्षय तृतीया
या आठवड्यात जिंतूर रस्त्यावरच्या एका शेतकऱ्याने अशीच गाडी घ्यायचा विचार असल्याचं सांगितलं. घ्या, असंच म्हणालो. त्यांना सांगितलं ते इथेही लिहून ठेवतो. ताबा घेण्याआधी कार्बोरेटरचे क्लॅम्प आवळलेत का ते स्वतः पाहा. ई-२० वर गाडी लावलीय का, ते बिलावर लिहून घ्या. पहिल्याच रात्री अंधारात पाईप पाहा, आधी रिकाम्या गाडीने, मग वजन टाकून. लाल दिसला तर प्लग काढून बघितल्याशिवाय गाडी रानात नेऊ नका. आणि गाडी दुरुस्त असो वा नादुरुस्त, चालवून आणल्यावर गंजीजवळ, पऱ्हाटीवर किंवा वाळल्या गवतावर उभी करू नका. मोकळ्या काळ्या मातीवर लावा, आणि जवळ पाण्याचा कॅन भरलेला असू द्या.