सोळा बाइटांचा फरक

बुऱ्हाणपुरात पॉवरलूमचं कापड विकणाऱ्यांकडे कॉम्प्युटर बदलायचा असला की मला बोलावणं येतं. जुन्या मशिनवरचं सगळं पेन ड्राइव्हवर घ्यायचं, नव्यावर चढवायचं आणि एखादी फाइल अर्धवट तर उतरली नाही ना, ते पाहायचं. या शेवटच्या कामाला आमच्या धंद्यात हातोहात फिरलेली एक जुनी पायथन स्क्रिप्ट आहे. ती प्रोग्रॅमचा हेडर वाचते, आतला कुठला भाग कुठे सुरू होतो नि किती लांब आहे ते काढते. हिशेब फाइलच्या बाहेर गेला, तर ‘अपूर्ण’ असा शेरा मारते.

लालबागच्या एका दुकानात तिने नव्या बिलिंग प्रोग्रॅमला हा शेरा दिला. मालक म्हणाले, “भाऊ, सकाळपासून यावरच बिलं काढतोय. खराब असता तर चालला असता का?” त्यांचं बरोबर होतं. पुन्हा कॉपी केली, तरी शेरा तोच. चौसष्ट बिटच्या प्रत्येक फाइलला तोच. बत्तीस बिटच्या मात्र सगळ्या बिनतक्रार पास.

रात्री घरी स्क्रिप्टचे मधले आकडे पडद्यावर काढले. पहिल्या भागाचं नाव कोरं, आकार २०१९९१४७९८ बाइट. काही एमबींच्या फाइलमध्ये जवळपास दोन जीबींचा भाग! असा आकडा दिसला की मला आधी शंका येते, ही अक्षरं तर नाहीत? हेक्समध्ये मांडला: ७८ ६५ ७४ २ई. इथे शेवटचा बाइट आधी लिहिलेला असतो, म्हणून उलटीकडून वाचलं: टिंब, टी, ई, एक्स. पुढच्या रकान्यात ११६, म्हणजे आणखी एक टी. कोड ठेवतात त्या ‘.टेक्स्ट’ भागाचं नाव आकाराच्या रकान्यात येऊन बसलं होतं. यादी बरोबर सोळा बाइट अलीकडून वाचली जात होती.

विंडोजचा प्रोग्रॅम एमझेड या अक्षरांनी सुरू होतो. मायक्रोसॉफ्टच्या मार्क झ्बिकोव्स्कींची ती आद्याक्षरं. साठाव्या बाइटपाशी खऱ्या हेडरचा पत्ता असतो. तिथे पीई ही खूण, मग २० बाइटांचा छोटा हेडर, मग ‘ऑप्शनल’ हेडर आणि त्यानंतर भागांची यादी. हा ऑप्शनल हेडर बत्तीस बिटमध्ये सहसा २२४ बाइटांचा. चौसष्ट बिटमध्ये स्टॅक नि हीपचे चार आकडे प्रत्येकी चार बाइटांनी वाढले, म्हणून तो २४० झाला. स्क्रिप्टमध्ये २२४ ठोकून बसवलेला होता. लिहिणाऱ्याला मी दोष देत नाही, त्याच्या समोर बत्तीस बिटच्याच फाइली असणार.

त्याजागी २४० चा दुसरा आकडा घालून मोकळं होता आलं असतं. पण ती लांबीही कायम तेवढीच असेल असं नाही, आणि छोट्या हेडरच्या शेवटच्या चार बाइटांपैकी पहिल्या दोनांत पुढच्या हेडरची लांबी फाइल स्वतःच सांगते. तीच वाचून पुढे जायला लावलं. बदलली एकच ओळ, पण मग जमवलेल्या जुन्या-नव्या सगळ्या फाइली पुन्हा तिच्याखालून काढल्या.

दुकानात बिलिंगचा प्रोग्रॅम पास झाला. एक जुना स्टॉकचा प्रोग्रॅम तेवढा अडला, कारण त्यात पीईच्या जागी एनई निघालं. म्हणजे सोळा बिटचा. चौसष्ट बिटच्या विंडोजवर तो चालणार नाही. मुनीमजींचे जुने हिशेब त्यातच होते, म्हणून ते छापून होईपर्यंत जुनं मशिन विकू नका, असं मालकांना सांगितलं.