एक पैसा कुठे गेला?

दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरात बिऱ्हाडं तीन आणि पाण्याची मोटर एक. मोटरचं लाइट बिल तिघांत वाटायचं काम कित्येक वर्षं बाबांकडे आहे. गेल्या वर्षी त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, तेव्हा मी म्हटलं, "बाबा, वही ठेवा आता. मी पायथनमध्ये छोटा प्रोग्राम लिहून देतो."

पहिला कागद छापला आणि माझी मलाच लाज वाटली. बिल १००० रुपये, आणि प्रत्येक नावापुढे ३३३.३३३३३३३३३३३३३! पायथनला अख्खी यादी एकदम छापायला सांगितली की तो आकडे असे शेपटासकट दाखवतो. (०.१ आणि ०.२ ची बेरीज तर तो ०.३०००००००००००००००४ अशी दाखवतो. संगणक आकडे द्विमान पद्धतीने साठवतो आणि त्यात ०.१ नेमका बसतच नाही.)

मग यादीतला एकेक आकडा सुटा घेतला, एकूण दहा जागा, दशांशचिन्हानंतर दोनच आकडे, असं सांगून छापला. सगळी दशांशचिन्हं एकाखाली एक आली. बाबांनी त्यावरून बोट फिरवलं. "वहीसारखं दिसतंय."

आणि पेन्सिल उचलली.

३३३.३३ तीनदा, म्हणजे ९९९.९९. खाली माझ्या प्रोग्रामने छापलं होतं १०००.००. "एक पैसा कुठे गेला?"

मी समजावलं, आत आकडा पूर्ण आहे, कागदावर फक्त कापून दाखवलाय. बाबांची सगळी नोकरी बँकेत गेलेली. ते म्हणाले, "लोक कागदावर दिसतं त्याचीच बेरीज करणार ना?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आकडे आधीच दोन स्थळांपर्यंत राउंड केले असते, तर तो पैसा खरोखरच गेला असता.

शेवटी सगळा हिशोब पैशांत मांडला, पूर्णांकात. १,००,००० पैसे भागिले तीन, प्रत्येकी ३३,३३३, बाकी एक. रुपये करायचे ते फक्त छापताना. उरलेला पैसा कुणाच्या नावावर?

"आपल्या," बाबा लगेच म्हणाले.

खालच्या काकूंना हे कळलं तेव्हा त्या वर आल्या. "दर वेळी तुम्हीच का? पाळी लावा!"

आता प्रोग्रामात पाळीही आहे. या महिन्यात काकूंची. त्यांनी यूपीआयने ३३३.३४ पाठवले आणि मुद्दाम फोन करून सांगितलं.