टायर म्हणे आपली जागा करून घेतो!

“पाचशे-सहाशे किलोमीटर पळू दे गाडी, टायर आपली जागा करून घेतोय बघा,” असं मला मॅगव्हीलच्या एका दुकानदारानं सांगितलं होतं. ते वाक्य आठवलं की अजूनही माझं डोकं उठतं. नवीन चप्पल चावते आणि मग सैल पडते, हे मान्य. पण टायर कुठली जागा करून घेणार? एकीकडे मडगार्डचा पत्रा आणि दुसरीकडे रबर. दोघांत झिजणार कोण, हे सांगायला दुकान टाकावं लागत नाही.

गाडी साधीच, २०१६ ची स्विफ्ट व्हीएक्सआय, सेकंडहँड घेतलेली. कंपनीच्या लोखंडी डिस्क खड्ड्यांत आपटून वाकल्या होत्या, बॅलन्सिंगवाला दर वेळी नाक मुरडायचा. डिस्क बदलायच्याच आहेत तर मॅगव्हील टाकू, असं ठरलं. दुकान कोल्हापुरातलंच, नाव लिहीत नाही. भिंतभर चकाकणारी चाकं टांगलेली. मला सोळा इंची काळी-रुपेरी आवडली. त्यावर त्यानं २०५/५५ आर १६ टायर सुचवले. मी पहिलाच प्रश्न विचारला, “हे घासणार नाहीत ना?” तो हसला. “साहेब, या साइजच्या कितीतरी स्विफ्ट सोडल्यात. बिनघोर जावा.” पुन्हा विचारलं, तेही बायकोसमोर. पुन्हा तेच उत्तर. हे मुद्दाम लिहितोय, कारण पुढे त्यानं “तुम्हीच ही साइज मागितली” असं म्हणायला कमी केलं नाही.

पहिल्याच दिवशी पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवलं आणि पुढून ‘खर्र’ असा आवाज आला. फोन केला तर वरचं सुवचन ऐकायला मिळालं. मी गप्प बसलो, कारण मे महिना होता आणि बहिणीकडे रत्नागिरीला जायचं ठरलं होतं.

आंबा घाट उतरताना फारसा त्रास झाला नाही. येताना मात्र मागे सासू-सासरे, मुलगी आणि डिकीत हापूसच्या पेट्या. साखरप्याच्या पुढे चढण लागली आणि प्रत्येक खड्ड्याला मागून कुणीतरी कानस घासल्यासारखा आवाज यायला लागला. “अहो, वास कसला येतोय?” बायकोनं विचारलं. जळक्या रबराचा होता. गाडी बाजूला घेऊन वाकून पाहिलं. मागच्या टायरच्या खांद्यावर बोटभर रुंदीचा चकचकीत पट्टा पडला होता, त्याच्या कडेला रबराची बारीक बारीक वळवटं लोंबत होती आणि कंपनीच्या नावातली दोन अक्षरं तासली गेली होती. पुढच्या चाकामागे हात घातला तर मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकच्या अस्तराला भोक, दोन क्लिपा गायब. सासऱ्यांनी खिडकीतून विचारलं, “पंक्चर?” मी म्हटलं, “नाही, जागा करून घेतोय.” त्यांना कळलं नाही, ते बरंच झालं.

आता दुकानात काय झालं ते ऐका, कारण माझा खरा राग तिथला आहे. दुकानदारानं टायर पाहिला आणि पहिलं वाक्य काय उच्चारलं? “आंब्याच्या पेट्या कशाला भरल्या?” म्हणजे डिकी असलेल्या, पाच माणसांची म्हणून विकल्या जाणाऱ्या गाडीत पाच माणसं आणि सामान घालणं हा माझा गुन्हा. मग म्हणाला, मागच्या स्प्रिंगमध्ये रबरी बफर टाकू, गाडी बसणार नाही. आणि पुढे आत घासतंय तिथं स्पेसर टाकू. मी म्हटलं, स्पेसरनं चाक आणखी बाहेर येईल, मग बाहेरून घासेल त्याचं काय? त्यावर “तुम्ही लई विचार करताय साहेब. चहा घ्या” म्हणून मला आत बसवलं. चहा अर्धा झाला असेल, बाहेरून ठोकल्याचा आवाज. जाऊन बघतो तर दुकानातला पोरगा मागच्या मडगार्डची आतली कड लाकडाचा ठोकळा लावून हातोडीनं वर वळवत होता. माझी गाडी, मला न विचारता. एक बाजू झाली होती. कडेचा रंग कवच्यांसारखा उडाला होता आणि बाहेरून पत्र्याला हलकी लाट आली होती. पोरगा घाबरून मालकाकडे पाहायला लागला. त्याला मी काही बोललो नाही, त्याला सांगणारा आत बसला होता.

मालक म्हणाला, “फेंडर रोलिंग म्हणतात याला. पुण्यात याचे पैसे घेतात.” घेत असतील. पण ते काम करणारे आधी हीटगननं पत्रा आणि रंग गरम करतात, मग हबला बसवलेला रोलर थोडा थोडा दाब देत फिरवतात, म्हणजे रंग तडकत नाही. इथं गार पत्र्यावर हातोडी. त्या कडेच्या आत दोन पत्रे जोडलेले असतात आणि सांधा सीलंटनं बुजवलेला असतो. तो तडकला की कोल्हापूरच्या पावसाळ्यात पाणी आत शिरून गंज धरणार, हे सांगायला ज्योतिषी नको. मी हे बोललो तर तो म्हणाला, “शेजारीच डेंटिंग-पेंटिंगवाला आहे, आपलाच माणूस. वाजवीत करून देईल.” वाजवीत! मोडणारा हा, जोडणारा याचा माणूस आणि पैसे माझे. “चाकं परत घ्या” म्हटलं, तर बोट भिंतीवरच्या पाटीकडे गेलं: विकलेला माल परत घेतला जाणार नाही.

बिल मागितलं तेव्हा कळलं की मला दिलेला कागद म्हणजे एक आकडा आणि सही. अशा वेळी लोक गप्प बसतात, म्हणून सांगतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत परत न घेणं हीसुद्धा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. तो मी त्याच्या काउंटरवर उभा राहून मोठ्यानं लावला. भाषा एकदम मऊ झाली. रिम त्यानं अर्ध्या किमतीत परत घेतले, टायर घेतले नाहीत. मडगार्डच्या रंगाचे पैसे तर आजपर्यंत दिलेले नाहीत.

दुकानात भांडणं चालू होती त्याच काळात मी उद्यमनगरात एका टर्नरकडे गेलो होतो. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. आयुष्य लेथवर गेलेलं, तोंड फटकळ. त्यांनी चाक उलटं पाडलं, मागच्या कडांवर एक स्टीलपट्टी आडवी ठेवली आणि चाक हबला टेकतं त्या तोंडापर्यंतचं अंतर व्हर्नियरनं मोजलं. मग जुन्या डिस्कचंही तेच केलं. “ऑफसेट बघ,” म्हणाले. चाकाच्या रुंदीच्या बरोबर मध्यापासून हबला टेकणारा चेहरा किती बाहेरच्या अंगाला आहे, तो आकडा म्हणजे ऑफसेट. तो बहुतेक रिमवर ‘ईटी’ लिहून पुढे कोरलेला असतो. माझ्या जुन्या डिस्कचा ४५ मिमी, नव्या रिमचा ३५. म्हणजे टायर कुठलाही असो, चाक दहा मिमी बाहेर सरकलंच. त्यात जुना टायर १६५ मिमी रुंद आणि नवा २०५. वाढलेले चाळीस मिमी दोन बाजूंना वीस-वीस वाटले जाणार. आता बेरीज करा: बाहेरच्या अंगाला तीस मिमी, आतल्या अंगाला दहा. जुना १६५/८० आर १४ टायर उंचीला साधारण ६२० मिमी, नवा ६३२, म्हणजे वरूनही सहा मिमी जागा गेली. पुढे आत का घासतं आणि मागे कडेला का लागतं, याचं उत्तर एवढ्या बेरजेत आहे. भिंतभर चाकं टांगणाऱ्या माणसाला ही बेरीज येत नसेल यावर माझा विश्वास नाही. येत होती, पण चाकं खपवायची होती.

आप्पांनी आणखी एक बोट ठेवलं. नव्वदच्या वेगाला स्टिअरिंग थरथरत होतं, आणि मी ते बॅलन्सिंगवर ढकललं होतं. बाजारातले बरेच रिम अनेक गाड्यांना चालावेत म्हणून मधलं भोक मोठं ठेवतात, माझ्या रिमचं ७३.१ मिमी होतं. स्विफ्टचा हब ५४.१. मधल्या पोकळीत हबरिंग बसवली की चाक मध्यावर बसतं, नाही तर नुसत्या नटांच्या भरवशावर. दुकानदारानं रिंग घातलीच नव्हती. आप्पा म्हणाले, “ॲल्युमिनियमची टर्न करून देतो, पण त्यानं थरथर जाईल, घासणं नाही जाणार. असलं चाक काढून टाक.”

आता कायद्याचं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर निकाल देताना सांगितलं की उत्पादकानं दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येणार नाही. त्यामुळे मडगार्डच्या बाहेर डोकावणारी चाकं घेऊन फिरणाऱ्या पोरांना पोलिसांनी अडवलं तर मला वाईट वाटत नाही. चिखल आणि खडे मागच्या दुचाकीवाल्याच्या तोंडावर उडतात, ते वेगळंच. माझ्या मते चाक बदलायला गाडीच्या वरच्या मॉडेलची साइज ही शेवटची मर्यादा मानावी. स्विफ्टच्या झेडएक्सआयला १८५/६५ आर १५ येतो. त्याची उंची ६२१.५ मिमी, जुन्यापेक्षा दोन मिमीसुद्धा जास्त नाही. स्पीडोमीटर चुकत नाही आणि मडगार्डला हातोडी लावावी लागत नाही.

चौदा इंची लोखंडी डिस्कवर गाडी सर्वांत मऊ चालायची, हेही सांगतो. टायरची भिंत उंच असली की खड्डा ती गिळते. तरीही मी परत डिस्कवर गेलो नाही. झेडएक्सआयवरून उतरवलेली कंपनीची पंधरा इंची मॅगव्हील मिळाली, ऑफसेट पाहून घेतली. आणि खरं सांगू? ती सोळा इंची चाकं गाडीला फार शोभत होती. अजून कुणाच्या गाडीवर दिसली की मान वळते, घाटातला तो वास आठवूनही.

चाकं बदलणाऱ्यांना एवढंच सांगणं. रिमच्या मागचा ऑफसेट, रुंदी आणि मधल्या भोकाचा आकडा जुन्या चाकाशी ताडून बघा. टायरचा लोड इंडेक्स मूळ टायरपेक्षा कमी नको. पैसे देण्याआधी एकच चाक पुढे आणि एकच मागे बसवायला लावा, टायरच्या खांद्यावर खडू फासा, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून पुढेमागे घ्या, मग मागच्या सीटवर तीन जाडजूड माणसं बसवून गतिरोधक हळू ओलांडा. खडू पुसला गेला तर तिथं घासतंय. दुकानदार हे करू देत नसेल तर दुसरं दुकान बघा. आणि पक्कं बिल घेतल्याशिवाय गाडी दुकानाबाहेर काढू नका.