पीट बेस्टचा वाटा

बीटल्सचा एक अल्बम माझ्याकडे आहे. तो बीटल्सनी कधी काढला नाही आणि कुठल्या कंपनीने विकला नाही. १९९६ साली अकोल्यात, टिळक रोडच्या मागच्या गल्लीतल्या एका रेडिओ-टेप दुरुस्तीच्या दुकानात, साठ मिनिटांच्या कॅसेटवर तो जन्माला आला. तो तयार करणाऱ्या माणसाला सगळे भाऊ म्हणत, मीही भाऊच म्हणायचो. गाणं ऐकताना त्यामागची माणसं शोधायची सवय मला त्यांनी लावली. तिच्यावर माझं पुढचं बरंच आयुष्य उभं राहिलं.

माझं घर अमरावतीला, राजापेठेत. शिकायला मी अकोल्याच्या कृषी विद्यापीठात होतो. शनिवारी मूर्तिजापूरवरून बडनेऱ्याला जाणारी गाडी धरायची, आणि गाडीला वेळ असला की भाऊंच्या दुकानात बसायचं. भाऊ तरुणपणी मुंबईत रेडिओ दुरुस्तीचं काम शिकले होते. परत येताना ते कपड्यांच्या बॅगेपेक्षा जड अशी रेकॉर्डींची पेटी घेऊन आले. गल्लीत कुणाला त्या इंग्रजी गाण्यांचं कौतुक नव्हतं. मी ऐकायला बसतो, एवढ्यावरच ते खूश असत. चहा मागवायचे आणि म्हणायचे, "बस बाप्पा, गाडी काही पळून जात नाही."

नोव्हेंबर १९९५ मध्ये बीटल्सचा ‘अँथॉलॉजी १’ हा संच निघाला आणि काही महिन्यांनी भाऊंच्या भाच्याने तो मुंबईहून आणून दिला. प्रसिद्धीच्या आधीचे टेप, नापास झालेल्या चाचण्या, गाळलेले टेक असं तीस-पस्तीस वर्षं कपाटात पडून राहिलेलं कितीतरी त्यात होतं. मुखपृष्ठावर जुनं छायाचित्र होतं आणि त्यातल्या एकाचा चेहरा फाडलेला होता. त्या जागी रिंगो स्टार दिसत होता. भाऊंनी त्या फाटक्या जागेवर बोट ठेवलं. "हा पाह्य. याच्याच ढोलावर ते पोट्टे उभे राह्यले, अन् यालेच फोटोतून काढलं."

तो पीट बेस्ट. ऑगस्ट १९६० मध्ये, हॅम्बुर्गला जाण्याआधी, तो बीटल्समध्ये आला. तिथल्या क्लबांतल्या रात्र-रात्र चालणाऱ्या कार्यक्रमांत त्याने ड्रम्स वाजवले. १ जानेवारी १९६२ रोजी लंडनला डेक्का कंपनीसमोर चाचणी झाली. त्या दिवशी पंधरा गाणी झाली, आणि कंपनीने बीटल्सना नकार देऊन ब्रायन पूल अँड द ट्रेमेलोजना घेतलं. ६ जूनला ईएमआयच्या स्टुडिओत पुन्हा ध्वनिमुद्रण झालं. निर्माते जॉर्ज मार्टिन यांना पीटचं वाजवणं पसंत पडलं नाही. १६ ऑगस्टला व्यवस्थापक ब्रायन एपस्टाईन यांनी त्याला बोलावून सांगितलं, तू आता या बँडमध्ये नाहीस. ऑक्टोबरमध्ये ‘लव्ह मी डू’ बाजारात आलं तेव्हा ड्रम्सवर रिंगो होता. पुढे पीटने लिव्हरपूलमध्ये रोजगार कार्यालयात वर्षानुवर्षं सरकारी नोकरी केली.

‘अँथॉलॉजी १’ मध्ये पीटने वाजवलेली दहा गाणी आहेत. मोठ्या संचात ती इकडे-तिकडे विखुरलेली, मध्येमध्ये कुणाचं तरी बोलणं. भाऊंनी ठरवलं की ही दहा गाणी वेगळी काढायची आणि जून १९६२ मध्ये बीटल्सचा पहिला अल्बम निघाला असता तर तो कसा असता, तसा तो करायचा. त्यासाठी त्यांचे नियम पक्के होते. ज्या तारखेचा अल्बम, तिच्यानंतरचा एकही सूर घ्यायचा नाही. तुकडे जोडून एक गाणं करायचं नाही. आणि तिसरा नियम ते बजावून सांगत: "तारीख ठाऊक नसन तं गाणं भराचं नाही. अन् हे आपण केलं, त्याईनं नाही, हे कार्डावर लिहाचं. नाहीतं उद्या कोनी खरं मानीन."

पहिली बाजू डेक्काची: ‘सर्चिन’, ‘थ्री कूल कॅट्स’, ‘द शेख ऑफ अरॅबी’, ‘लाइक ड्रीमर्स डू’, ‘हॅलो लिटल गर्ल’. दुसरी बाजू जून १९६१ च्या हॅम्बुर्गपासून सुरू होते. गायक टोनी शेरिडनच्या मागे वाजवलेलं ‘माय बॉनी’, मग ‘एन्ट शी स्वीट’, आणि बीटल्समधल्याच हॅरिसन-लेनन यांच्या नावावरची ‘क्राय फॉर अ शॅडो’ ही धून. शेवटी ६ जूनची दोन: ‘बेसामे मुचो’ आणि पीटच्या हातचं ‘लव्ह मी डू’. सगळं मिळून चोवीस मिनिटांच्या आसपास. १९६३ च्या मार्चमध्ये आलेल्या खऱ्या पहिल्या अल्बममध्ये चौदा गाणी आहेत आणि त्यातली दहा ११ फेब्रुवारी या एकाच दिवशी मुद्रित झाली. भाऊंच्या कॅसेटनंतर तो ऐकला की कळतं, आठ महिन्यांत त्या मुलांचा हात किती बदलला होता, आणि त्याआधीही त्यात काय होतं.

ती कॅसेट भरताना मी शेजारी बसून होतो. नव्या कॅसेटच्या सुरुवातीला पांढुरकी पट्टी असते, तिच्यावर आवाज उमटत नाही. भाऊ चाक बोटाने फिरवत, तपकिरी फीत खिडकीत आली की थांबत, आणि मगच कॅसेट डेकमध्ये घालत. पहिल्या सुराचा कणही कापला जाऊ नये म्हणून. आवाजाचा काटा लाल रेघेच्या अलीकडे राहील अशी पातळी प्रत्येक गाण्याला वेगळी लावत, कारण हॅम्बुर्गचा टेप दणदणीत आणि डेक्काचा कोरडा. दोन गाण्यांमधली शांतताही ते मोजून ठेवत. दोन्ही बाजू भरून झाल्या की पेचकसाने कॅसेटच्या पाठीवरचे प्लास्टिकचे दोन कान मोडत. आता चुकूनही कुणी वर दुसरं काही भरू शकणार नाही. मग कार्डावर बारीक अक्षरात प्रत्येक गाण्यापुढे तारीख, जागा आणि वाजवणाऱ्यांची नावं. ड्रम्सपुढे दहाही वेळा त्यांनी ‘पीट बेस्ट’ असं पूर्ण नाव लिहिलं. एकदा लिहून खाली खुणा करता आल्या असत्या. त्यांनी तसं केलं नाही.

ज्याचं नाव गळालं त्याचा वाटा त्याला परत द्यायचा, भाऊंच्या काल्पनिक अल्बमांमागे एवढाच विचार होता. ‘अँथॉलॉजी १’ च्या विक्रीतून पीट बेस्टला मानधनाचे पैसे मिळाले, हे वाचलं तेव्हा भाऊंनी दुकानात पेढे वाटले. गिऱ्हाइकांना कारण समजलं नाही, पण पेढे सगळ्यांनी खाल्ले.

दुसरी एक कॅसेट त्यांनी माझ्या हाती दिली ती अर्धवट कार्डासकट. जानेवारी १९६८ मध्ये जॉर्ज हॅरिसन मुंबईला आला आणि ‘वंडरवॉल’ या चित्रपटाच्या संगीतासाठी एचएमव्हीच्या स्टुडिओत आपल्या वादकांना घेऊन त्याने ध्वनिमुद्रण केलं. त्याच बैठकींत एक जादा धून मुद्रित झाली. लंडनला तिच्यावर आवाज चढला आणि मार्चमध्ये ती ‘लेडी मॅडोना’च्या मागच्या बाजूला ‘द इनर लाइट’ म्हणून आली. तबकडीवर नाव फक्त बीटल्सचं. आपल्या वादकांपैकी एकाचंही नाही. भाऊंनी कार्डावर बासरी, सरोद, पखवाज असं लिहून पुढची जागा मोकळी सोडली होती. "नावं तू भरजो," म्हणाले. पुढे वाचनातून हरिप्रसाद चौरसिया, आशिष खान, महापुरुष मिश्र ही नावं मला मिळाली आणि मी ती त्याच कार्डावर, त्यांच्या अक्षराशेजारी लिहिली.

भाऊंचं मन सर्वांत जास्त आपल्या मुलुखासाठी तुटायचं. नंदू भेंडे यांचं नाव निघालं की ते हातातलं काम बाजूला ठेवत. आत्माराम भेंडे यांचा हा मुलगा मुंबईत ॲटॉमिक फॉरेस्ट या रॉक बँडमध्ये गायला, ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’मध्ये ज्यूडास झाला, आणि १९७८ मध्ये पुलंच्या ‘तीन पैशाचा तमाशा’त त्याने रॉकचा सूर मराठी रंगभूमीवर आणला. ॲटॉमिक फॉरेस्टचा एकुलता एक अल्बम १९८१ मध्ये आला, तोवर बँड विखुरला होता. त्यानंतर तो जगाला नीट ऐकू आला तो २०११ मध्ये, एका अमेरिकन कंपनीने पुन्हा काढला तेव्हा. भाऊ म्हणायचे, तिकडच्यांनी नापास झालेला टेपही सांभाळला, आपण पास झालेलाही सांभाळत नाही.

हे वाक्य माझ्यासोबत अमरावती जिल्ह्यात गावोगाव फिरलं. कृषी खात्यात नोकरी लागली तेव्हा दर्यापूर, अंजनगाव, अचलपूरकडच्या गावांत मुक्काम पडू लागले. तिथे गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेनंतर खंजिरीवर भजनं होत. तुकडोजी महाराजांनी या भागाला दिलेली ती खंजिरी प्रत्येक गावात वेगळ्या हाताने बोलते. ज्यांच्या घरी अशा भजनांच्या जुन्या कॅसेटी होत्या, त्या मी मागून घेतल्या आणि भाऊंच्याच नियमांनी लावू लागलो. एका गावाची एक मालिका, तारखेच्या क्रमाने, काटछाट न करता. कार्डावर आधी खंजिरीवाल्याचं नाव, मग झांजवाल्याचं, मग मुख्य गायकाचं. मंडळी आपलं नाव छापील अक्षरात पाहून कार्ड घरात जपून ठेवतात. ती खुशी मी भाऊंच्या खात्यावर जमा करतो.

भाऊंचं दुकान आता राहिलं नाही, भाऊही नाहीत. त्यांच्या कॅसेटी त्यांच्या घरच्यांनी विश्वासाने माझ्याकडे दिल्या आहेत. पीट बेस्टच्या अल्बमची एक प्रत करून मी त्यांच्या नातवाला दिली, आणि कार्डाच्या तळाशी एक ओळ वाढवली: संकलन कुणाचं, कुठे, कोणत्या साली. आयुष्यभर दुसऱ्यांची नावं लिहिणाऱ्या या माणसाने स्वतःचं नाव कुठेच लिहिलं नव्हतं. तेवढं काम माझ्या वाट्याला आलं, हे मी माझं भाग्य समजतो.

वऱ्हाडात अजून कितीतरी घरांच्या माळ्यावर ऑर्केस्ट्राच्या, भजनांच्या, गॅदरिंगच्या कॅसेटी पडलेल्या आहेत. त्यातले आवाज ओळखणारी म्हातारी माणसं अजून घरात आहेत. त्यांना विचारून ढोलकी कुणाची, पेटी कुणाची, साल कोणतं एवढं आजच लिहून ठेवावं. ध्वनी पुढेमागे यंत्राने स्वच्छ करता येतो. नाव मात्र ज्याला ठाऊक आहे त्यालाच सांगता येतं.