कॅमेरा कुठे ठेवलाय?

"पिच्चर देखने का भी कोर्स रहता क्या?" मी बॅग भरत होतो तेव्हा अम्मीने विचारलं. मानखुर्दच्या आमच्या इमारतीत कुणी कॉम्प्युटरचा कोर्स करतं, कुणी एसी रिपेअरिंगचा. सुट्टी टाकून, पैसे भरून, महिनाभर पुण्यात राहून सिनेमे बघायचे, हे तिला पटण्यासारखं नव्हतंच. त्यात रमझान. अब्बा काही बोलले नाहीत. चेंबूरच्या मैत्री पार्कपर्यंत सोडायला आले आणि बस सुटताना खजुराचा डबा हातात दिला.

पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय मिळून उन्हाळ्यात हा रसास्वादाचा अभ्यासक्रम घेतात. इन्स्टिट्यूट १९६० साली जुन्या प्रभात स्टुडिओच्या जागेत सुरू झाली, संग्रहालय १९६४ साली. इथे सिनेमा 'वाचायला' शिकवायची परंपरा सतीश बहादूर सरांची. 'पथेर पांचाली' ते एकेका दृश्यात थांबून उलगडायचे. आणि दाखवायला प्रिंट हाताशी असायच्या, कारण पी. के. नायर यांनी त्या देशभरातून जमवल्या होत्या. दोघेही आज नाहीत. पण वर्गात त्यांची नावं घरातल्या वडीलधाऱ्यांसारखी निघायची.

पहिला आठवडा मला जड गेला. दिवसभर व्याख्यानं, संध्याकाळी सिनेमा. मगरिबची वेळ नेमकी सिनेमाच्या मध्यावर यायची. खिशातला फोन थरथरला की मी अंधारात खजूर तोंडात टाकायचो. शेजारी कोल्हापूरचा एक मास्तर बसायचा. दुसऱ्या दिवसापासून त्या वेळेला तोच पाण्याची बाटली पुढे करायला लागला. एकदा तर फोन थरथरायच्या आधीच.

'पथेर पांचाली' मी आधी पाहिलेला होता. हरिहर परत येतो, दुर्गासाठी आणलेली साडी दाखवतो आणि सर्वजयाचा बांध फुटतो. वर्गात विचारलं, ती कशी रडते? आम्ही म्हणालो, जोरात. दृश्य पुन्हा लावलं. तिचा आवाजच नाही! तोंड उघडं आहे आणि ऐकू येतंय ते तारशहनाई. इतकी वर्षं मी एक हंबरडा ऐकल्याचं शपथेवर सांगितलं असतं.

त्यानंतर एक प्रश्न डोक्यात बसला, तो आजतागायत उठलेला नाही: कॅमेरा कुठे ठेवलाय? कुणाच्या बाजूला?

हिंदी सिनेमात मुसलमान मोहल्ला आला की आधी मिनार, मग अजान, मग टांगलेलं मटण. कॅमेरा नेहमी मोहल्ल्याच्या बाहेरून आत शिरतो. मोहल्ल्यात राहणाऱ्याला अजान 'सुरू' झालेली जाणवतही नाही, ती प्रेशर कुकरच्या शिट्टीइतकीच घरातली असते. आणि आमचं मानखुर्द? टीव्हीवर ते कायम वरून दिसतं. उड्डाणपुलावरून नाहीतर ड्रोनमधून. देवनारचा कचऱ्याचा डोंगर, निळी ताडपत्री, घिरट्या घालणाऱ्या घारी. चौथ्या मजल्यावरच्या आमच्या खिडकीतून काय दिसतं ते कुणी दाखवत नाही. (समोरच्या इमारतीची खिडकी दिसते. हात लांब केला तर त्यांच्या दोरीवरचा टॉवेल काढता येईल.)

परत आलो तो अर्थातच शहाणा होऊन. सिनेमा चालू असताना बोलायला लागलो. घरातले वैतागले. ईदनंतर एका रविवारी अम्मीला मोबाईलवर 'गर्म हवा' दाखवायला बसवलं. एम. एस. सथ्यू, १९७३, इस्मत चुगताईंची कथा, बलराज साहनी... मी सुरूच. "तू बोलेगा तो मैं कब देखूँ?" मी गप्प बसलो.

आग्र्याच्या सलीम मिर्झांची हवेली थोरल्या भावाच्या नावावर असते. तो पाकिस्तानात जातो आणि हवेली हातची जाते. सामान निघतं, पण म्हातारी आई निघायला तयार नाही. नवरी होऊन ती या घरात आलेली. ती घरातच लपून बसते.

अम्मीने मोबाईल माझ्या हातातून घेऊन तोंडाजवळ धरला.

"अम्मा ऐसेच बैठी थी," ती म्हणाली. "मोरी में. कडी लगाके."

मला माहीत नव्हतं. रुळालगतच्या झोपड्या हटवून लोकांना मानखुर्दला आणलं तेव्हा मी तीन वर्षांचा होतो. घरात ती गोष्ट नेहमी एकाच वाक्यात संपायची: पक्कं घर मिळालं. नानी आतून कडी लावून बसली होती, बाहेर माणसं दार वाजवत होती, पत्रा काढून तिला वरून उचलावं लागलं, यातलं काहीच मला कुणी सांगितलं नव्हतं. अम्मी सांगत होती तेव्हा सिनेमा पुढे चालूच होता, दोघांनीही तो थांबवला नाही.

मग तिने विचारलं, "तू वो बोलता ना, कैमरा किधर है? बुढिया छुपी तब कैमरा उसके पास था के बाहरवालों के पास?"

मला आठवेना. मी दृश्य मागे घेतलं.