बाबा बुडनच्या डोंगरांत

मार्चअखेरीस आम्ही सहकुटुंब मिरजेहून आगगाडीनें निघून कडूर येथें उतरलों व तेथून मोटारीनें चिकमगळूर गांठलें. आमचे चिरंजीव तिकडे एका कॉफीच्या मळ्यावर असतात. बेंगळूरची चांगली चाललेली नोकरी त्यांनीं सोडली, तेव्हां आम्हीं जें पत्र लिहिलें तें आठवलें कीं आजही संकोच वाटतो. तीन वर्षें आम्ही तिकडे फिरकलों नव्हतों.

गेल्या दिवाळीस त्यांनीं आम्हांस एक कांचेचें पात्र पाठविलें होतें. त्यास 'फ्रेंच प्रेस' म्हणतात. उभट भांडें, झांकण, झांकणांतून जाणारी दांडी व तिच्या टोंकास बारीक जाळीची चकती, एवढाच त्याचा संसार. (नांव फ्रेंच, परंतु १९२९ सालीं त्याचें पेटंट घेणारे कालिमानी व मोनेता हे दोघे इटलीचे!) आम्हीं घरांतली चिकोरीमिश्रित, पिठासारखी बारीक पूड त्यांत टाकली, वर कढत पाणी ओतलें व दांडी दाबूं लागलों. ती खालीं जाईना. सगळा जोर लावतांच कॉफी उसळून आमच्या मनगटावर आली. पात्र माळ्यावर गेलें, आणि चिरंजीवांस आम्हीं कळविलें कीं, तुमच्या धंद्याप्रमाणेंच तुमचें यंत्रही आम्हांस उमगत नाहीं. त्या पत्रास उत्तर आलें नाहीं.

चिकमगळूरजवळच बाबा बुडनगिरीची रांग आहे. सतराव्या शतकांत बाबा बुडन नांवाच्या सूफी साधूनें यात्रेहून परततांना येमेनांतील मोखा बंदरांतून कॉफीच्या सात बिया लपवून आणल्या व येथें रुजविल्या, अशी परंपरागत कथा आहे. आम्ही पोंचण्यापूर्वीं नऊदहा दिवस वळवाची एक चांगली सर पडून गेली होती, आणि सारा मळा पांढऱ्या फुलांनीं डंवरला होता. वास थेट जुईचा! वर सिल्व्हर ओकची सांवली, बुंध्यांवर मिऱ्यांचे वेल. हा बहर तीनचार दिवसच टिकतो. त्याचीं फळें मात्र नोव्हेंबरपासून तोडावयाचीं, आणि ही सर वेळेवर आली नाहीं तर वर्षाचें पीक हातचें जावयाचें. चिरंजीव आभाळाकडे पाहून हें सांगत होते. आमचे तीर्थरूप कोंकणांत आंब्याच्या मोहराविषयीं अगदीं याच स्वरांत बोलत असत.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्यांनीं तसेंच एक पात्र पुढें मांडलें. भाजलेल्या बिया हातचक्कींत दळल्या. पूड जाड्या रव्याएवढी. अर्धा लिटर पाण्यास तीस ग्रॅम. पाणी उकळून खालीं उतरविल्यावर अर्धें मिनिट थांबून ओतलें, एकदां ढवळलें व चार मिनिटें तसेंच ठेविलें. बारीक पुडीनें जाळी तुंबते, मग दांडीस वाट उरत नाहीं. आमच्या मनगटाचें कारण तें. हें त्यांनीं आपण होऊन सांगितलें नाहीं, आम्हीं विचारलें तेव्हां सांगितलें.

वेळ भरतांच आम्हीं दांडीवर हात ठेविला.

“अण्णा, जोर नको. नुसता हात ठेवा, ती आपली जाईल.”

ती गेली. पेल्यांत दाट, किंचित् तेलकट तवंगाची कॉफी उतरली. कागदी गाळण हें तेल अडवितें, ही जाळी अडवीत नाहीं. त्यानें रक्तांतील कोलेस्टेरॉल वाढतें, म्हणून आमच्या वयाच्या माणसानें बेतानें घ्यावी. त्या दिवशीं आम्हीं दोन पेले घेतले.

निघतांना चिरंजीवांनीं जाड दळलेली एक पुडी पिशवींत ठेविली व वर दळल्याची तारीख लिहिली. माळ्यावरचें पात्र आतां खालीं आलें आहे. कुटुंबानें पहिल्याच दिवशीं त्या कॉफींत दूध व दोन चमचे साखर घातली. हें मात्र चिरंजीवांस अद्याप कळविलेलें नाहीं.