मधला गडी

आमचे मूळ गाव कुरकुंभ. नोकरीच्या निमित्ताने गेली तीस वर्षे आमचा मुक्काम पुण्यास असला, तरी उन्हाळ्याच्या सुट्टीचे अखेरचे दिवस गावी घालवावयाचे, फिरंगाईचे दर्शन घ्यावयाचे आणि तिसऱ्या प्रहरी फाट्यावरच्या टपरीत चहा घेत बसावयाचे, हा आमचा क्रम सहसा चुकत नाही. पुण्याहून सोलापुराकडे जाणारा हमरस्ता आणि दौंडहून बारामतीकडे जाणारा रस्ता येथे एकमेकांस भेटतात. औद्योगिक वसाहतीतील पहिली पाळी सुटली की टपरीच्या बाकांवर जागा उरत नाही. वाऱ्याची दिशा फिरली तर चहाच्या वासात रसायनांचाही वास मिसळतो. परक्या माणसास तो जाणवतो. गावकऱ्यांस जाणवत नाही, किंवा जाणवतो हे सांगण्याचे त्यांनी सोडून दिले आहे.

२०२५ च्या जूनच्या आरंभीची गोष्ट. व्यावसायिक कबड्डीच्या बाराव्या हंगामासाठी ३१ मे व १ जून असे दोन दिवस मुंबईस खेळाडूंचा लिलाव झाला होता, आणि बाकावरची मंडळी त्याचा पंचनामा करीत होती. आम्हांस वाटले होते की, वाद मोठमोठ्या रकमांवरून चालला असेल. इराणच्या शादलूईस गुजरातच्या संघाने २ कोटी २३ लाख रुपये मोजले, हे वृत्त मंडळींनी दोन घोटांत संपविले. खरा कलह पेटला होता तो ९ लाखांवरून. ज्या संघावर या मंडळींचा जीव, त्याने लिलाव संपता संपता अगदी खालच्या, म्हणजे ‘ड’ गटातील एक पोरगा मूळ किमतीस उचलला होता; आणि तोही चढाईचा नव्हे, मधल्या फळीतील पकडीचा. संघाचे आणि मुलाचे नाव आम्ही मुद्दामच देत नाही. त्या मुलाची किंमत एकदा ठरली आहे. आमच्या लेखणीने ती पुन्हा ठरावी अशी आमची इच्छा नाही.

कोटीची रक्कम सामान्य माणसाच्या कल्पनेत मावत नाही, म्हणून तिच्यावर तो भांडत नाही. नऊ लाख मावतात. नऊ लाखांत बहिणीचे लग्न होते, विहिरीचे काम होते, जुना ट्रॅक्टर येतो. त्यामुळे या नऊ लाखांचा हिशेब प्रत्येक जण स्वतःच्या खिशातून गेल्याप्रमाणे मागत होता.

“पाण्यात घातले पैसे,” एक तरुण म्हणाला. “मागच्या हंगामात त्याच्या नावावरच्या पकडी दोन हातांच्या बोटांवर मोजून संपतील. चढाईला पोरगं घ्यायचं सोडून मधला गडी कशाला? मधले काय, रस्त्यात मिळतात.”

“आरं, चंदगडच्या सिद्धार्थ देसाईला २०१८ साली मुंबईनं ३६ लाख ४० हजाराला घेतला, तवा कोण वळखत होतं?” शेजारचा ट्रकचालक म्हणाला. “पुढच्याच साली तेलुगूवाल्यांनी त्याच्यापायी दीड कोटीला पाच लाख कमी मोजले.”

“तो चढाईचा गडी, मामा. आत जातो, लोकांना दिसतो. ह्याचं तसं हाय का?”

माणसांचा लिलाव हा शब्द आमच्या कानांस अद्याप खटकतो, आणि तसे आम्ही बोलूनही गेलो. टपरीवाले नाना चहा गाळीत होते. ते म्हणाले, “सर, कांद्याचाबी लिलावच होतो की. फरक एवढाच, कांद्याला आपला भाव कळत नाही.” यावर सर्व हसले. आम्हीही हसलो, परंतु २०१४ साली, या स्पर्धेच्या पहिल्या लिलावात, सर्वांत महाग ठरलेल्या राकेशकुमारास १२ लाख ८० हजार मिळाले होते, हे आम्हांस आठवले. अकरा वर्षांत तेव्हाचे शिखर आजच्या तळघराच्या शेजारी येऊन बसले आहे. कांद्याचे असे क्वचितच होते.

आमचा एक भाचा अमेरिकेत असतो. तेथील फुटबॉलचे — म्हणजे हाताने खेळावयाच्या त्या विचित्र फुटबॉलचे — त्यास भारी वेड. तेथे नव्या खेळाडूंसाठी बोली लावीत नाहीत. सात फेऱ्यांत संघ पाळीपाळीने मुले निवडतात, आणि मागल्या वर्षी जो तळाशी राहिला त्याची पाळी पहिली. त्या खेळात ‘टाइट एंड’ म्हणून एक जागा आहे. रांगेच्या टोकाशी उभा राहणारा हा गडी बराच वेळ दुसऱ्यासाठी अंगावर धक्के झेलतो, आणि मध्येच केव्हा तरी स्वतः चेंडू झेलून धावतो. जॉर्ज किटल नावाचा असा एक गडी २०१७ साली पाचव्या फेरीत, १४६ वा निवडला गेला, आणि पुढे त्या जागेवरच्या अग्रगण्य खेळाडूंत त्याची गणना झाली. शेवटच्या फेऱ्यांत निवडलेल्या अशा मुलांवरून तेथील सुशिक्षित माणसे रात्र रात्र वाद घालतात, असे भाच्याने सांगितले तेव्हा आम्हांस ते हास्यास्पद वाटले होते. कुरकुंभच्या बाकावर बसल्यावर वाटेनासे झाले.

वाद असा रंगला असता कोपऱ्यात बसलेला एक गृहस्थ उठला. वय चाळिशीच्या पुढचे, अंगात कारखान्याचा निळा गणवेश, हातात शिरस्त्राण. तो काही न बोलता नानांकडून चहाचे सात रिकामे पेले घेऊन आला आणि त्याने ते फळीवर कमानीसारखे मांडले.

“हे दोन कोपरे,” टोकाच्या पेल्यांवर बोट ठेवून तो म्हणाला. “चढाईवाला आत आला. कोपऱ्यानं घोटा धरला. टाळ्या पडल्या. पण घोटा धरला म्हणजे पकड झाली का? नाय. तो ओढत ओढत मध्यरेषेकडं जातो. रेषेला नुसतं बोट टेकलं तरी धरणाराच बाद. तिथं हा मधला आडवा पडतो. वहीत नाव कोणाचं? घोटा धरणाऱ्याचं.”

“पण म्हणून नऊ लाख?” तो तरुण म्हणाला.

“ऐक की. मधला आधीच घुसला तर साखळी तुटते आणि तीन गडी एकदम जातात. म्हणून चांगला मधला थांबतो. चढाईवाला वळेपर्यंत थांबतो. थांबलेलं कोण लिहितं?”

थांबलेलं कोण लिहितं, हे शब्द ऐकताना आमच्या हातातील पेला जागच्या जागी राहिला. कारण तो आवाज आमच्या ओळखीचा होता.

बावीस वर्षांपूर्वी महाविद्यालयाच्या जिमखान्याचे उपाध्यक्षपद आमच्या गळ्यात पडले होते. आंतरमहाविद्यालयीन सामन्यांसाठी बारा जणांचा संघ निवडावयाचा होता. विद्यापीठाच्या संघाकडे जाणारी वाट या सामन्यांतूनच जाते, म्हणून मुलांच्या दृष्टीने या निवडीस फार महत्त्व असे. अकरा नावांवर एकमत झाले. बाराव्या जागेसाठी दोन नावे उरली, एक चढाईचा मुलगा आणि एक मधला. समितीत मते समसमान पडली आणि निर्णय आमच्याकडे आला. त्या हंगामातील एकही सामना आम्ही धडपणे पाहिला नव्हता. आम्ही गुणांची वही मागविली. एकाच्या नावापुढे आकड्यांची रांग होती, दुसऱ्याच्या नावापुढे जेमतेम पाच-सहा गुण होते. आम्ही चढाईच्या मुलावर खूण केली, आणि निःपक्षपातीपणा म्हणजे काय यावर समितीपुढे चार वाक्येही बोललो. तो संघ दुसऱ्याच फेरीत हरला. पण तो आमच्या निवडीमुळे हरला असे म्हणण्याइतका कबड्डीचा अभ्यास आम्हांस तेव्हाही नव्हता आणि आताही नाही. वगळलेला मुलगा पुढील वर्षी महाविद्यालयात दिसला नाही. वर्गात तो मागच्या बाकावर बसे, आणि प्रश्न विचारला तर उत्तर देण्यापूर्वी बराच वेळ थांबे, एवढे मात्र आमच्या स्मरणात राहिले होते.

त्यानेही आता आम्हांस ओळखले. तो पुढे होऊन वाकला, आणि आम्ही नको म्हणण्यापूर्वी आमच्या पायांस त्याचा हात लागलाही.

“हे आमचे सर,” तो मंडळींना म्हणाला. “आमच्या येळी संघ ह्यांनीच निवडला होता. मी बाहेर राहिलो.”

बाकावर क्षणभर शांतता पसरली. तो तरुण आमच्याकडे अशा दृष्टीने पाहू लागला की, नऊ लाखांचा अपव्यय आम्हीच केला असावा.

“पण मला त्याचं वाईट नाय वाटलं,” तो पुढे म्हणाला. “का सांगू? सर रोज संध्याकाळी मैदानाच्या कडेला लिंबाखाली उभे असायचे. पावसातबी. बघून वगळलं ना? मग तक्रार कसली? निवडणाऱ्यानं खेळ बघितला असला तर त्याला नावं ठेवू नयेत.”

लिंबाखाली आम्ही उभे असू हे खरे. आमची सायकल तेथे लावलेली असे, आणि आमच्याच आळीत राहणारे गणिताचे एक सहाध्यापक शेवटचा तास संपवून येईपर्यंत आम्ही तेथे त्यांची वाट पाहत थांबत असू. बहुधा आमच्या हातात उत्तरपत्रिकांचा गठ्ठा असे, आणि दृष्टी त्याच्यावर. मैदानातून ‘कबड्डी, कबड्डी’ असा दम ऐकू येई; त्या आवाजाचा आम्हांस किंचित त्रासही होई.

हे सर्व त्यास तेथेच सांगावयास हवे होते. आम्ही तोंड उघडलेही. परंतु तितक्यात पाटसकडे जाणारा ऊसतोडीचा रिकामा ट्रॅक्टर कर्णकर्कश गाणे लावून गेला, आणि तो जाईपर्यंत आमचा धीरही गेला. आम्ही त्याच्या घरच्यांची चौकशी केली. थोरली मुलगी दौंडला शाळेत जाते, खोखो खेळते, असे त्याने सांगितले. चहाचे पैसे आम्ही देऊ केले. ते त्याने देऊ दिले नाहीत.

“सर, तुम्हीच सांगा आता,” तो तरुण हट्टास पेटला होता. “नऊ लाख फुकट गेले का नाय?”

सगळे बाक आमच्याकडे वळले. त्यानेही मान वर केली.

“मी त्या मुलाचा एकही सामना पाहिलेला नाही,” आम्ही म्हणालो.

तरुणाचा विरस झाला. तो मात्र हसला. “मग राहू द्या सर,” असे म्हणून त्याने सात पेले एकेक करून उचलले आणि विसळण्यासाठी नानांच्या घमेल्यात ठेवले.